गिटारच्या पोटातला काटा

हिवाळ्यात हीटर लागला की हवा कोरडी पडते आणि गिटारचं लाकूड तडकतं. म्हणून मी ओल मोजणारे दोन काटे आणले. एक भिंतीवर टांगला. दुसरा ओल्या स्पंजसोबत गिटारच्या तोंडातून पोटात सोडला, तारांमधून दिसेल असा.

दोन्ही काटे तिसावर अडून बसले. मी खोलीभर पाण्याची पातेली ठेवली, ओले टॉवेल टांगले, पण ते ढिम्म हलेनात.

मग मेहुणा राहायला आला. गोलमटोल, गुबगुबीत, सदा हसरा. तो दारात उभा राहिला आणि गिटारमधला काटा साठावर गेला. भिंतीवरचा होता तिथेच.

"त्याला घाम फार येतो हो," बायको म्हणाली.

"मग भिंतीवरच्या काट्याला कसा नाही कळत?"

"माझ्या माहेरचं माणूस आलं की तुम्हाला काहीतरी खुपतंच! खाऊन टाकावा इतका गोड आहे माझा भाऊ."

मला काय, लाकूड वाचल्याशी मतलब. जन्मात पहिल्यांदा मी मेहुण्याला म्हटलं, "राहा की अजून आठवडाभर." आणि त्याची गादी गिटारशेजारीच घातली.

आज दुपारी तो तिथे आडवा झाला. काटा नव्वदवर गेला. गिटारच्या तोंडातून एक थेंब ओघळून गादीवर पडला.

"स्पंज जास्त भिजवलात, भाऊजी," म्हणत त्याने तारांमधून दोन बोटं आत घातली. "अहो, हा तर कोरडा ठणठणीत आहे!"

"मग पाणी कशाचं?"

"काय की." तो खुदकन हसला. "पण हे आत मऊ मऊ काय ठेवलंय? बोटांना गुदगुल्या करतंय."