बशी टेबलाखाली

“व्हेअर इज द सॉसर?”

नीळकंठने बशी टेबलाखाली सरकवली होती. सिंधूला ‘ऑन’ येत होतं, ‘इन’ येत होतं. ‘अंडर’ मात्र ऐन वेळी कुठे गडप झालं देव जाणे.

“ऑन...” ती म्हणाली आणि कमरेचा पट्टा सपकन पाठीवर बसला.

“अंडर! म्हण, अंडर!”

“अंडर,” ती कळवळली. दुसरा फटका तोंडावर आला, ओठ फुटला. तेवढ्यात शेजारच्या कमलिनीताईंनी भिंतीवर बत्ता आपटला.

“नीळकंठराव, बस करा! नाही तर मी येतेय हं आत!”

बाई मोठ्या खमक्या. त्यांच्यामुळेच सिंधू आजवर जिवंत होती म्हणा ना. नीळकंठने पट्टा खाली टाकला.

बरखेड्याला कारखान्याच्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड आल्यापासून तिच्या नशिबी उठता लाथ, बसता बुक्की. पुण्याला निदान सासूबाई मध्ये पडायच्या.

“रविवारी कारखान्याचा गोरा साहेब नि त्याची मॅडम चहाला येणार,” नीळकंठ म्हणाला. “हे कुठे आहे, ते कुठे आहे, तुला विचारतील. नीट सांगितलंस तर विलायतेचं पक्कं. दोन वर्षं ट्रेनिंग. माती खाल्लीस तर याद राख.”

दोन वर्षं हा माणूस समुद्रापार! सिंधू पाठीची आगसुद्धा विसरली.

मग तिने ध्यासच घेतला. पोळ्या लाटताना, धुणं धुताना एकच जप. ‘बिहाइंड’ चुकलं तेव्हा त्याने तिचं डोकं दारावर आपटलं. रक्त पुसून ती पुन्हा म्हणू लागली.

“अगं बाई, मार कशाला खातेस?” कमलिनीताई हळद लावताना चिडल्या. “नाही जमत म्हणून सांग आणि मोकळी हो.”

“नाही ताई. एकदाचे जाऊ देत ते. मग मी मोकळीच.”

रविवारी तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला. मॅडमनी साखर विचारली, चमचे विचारले. सिंधूने सगळं बिनचूक सांगितलं. साहेबाने गंमत म्हणून हॅट लपवली.

“युवर हॅट इज बिहाइंड द चेअर, सर.”

साहेबाने टाळ्याच वाजवल्या. नीळकंठशी भरभर काहीतरी बोलला. मॅडमनी जाताना सिंधूचे दोन्ही हात हातात घेतले.

दार लागलं. सिंधू लगेच पुढे झाली.

“अहो, झालं ना? ठरलं ना तुमचं?”

“माझं तर कधीच ठरलं होतं गं,” नीळकंठ हसून म्हणाला. “बायकोला बरोबर न्यायची परवानगी तेवढी अडली होती, ती आज मिळाली.”