फुगणारं जाकीट

पडताना आपोआप फुगणारं जाकीट मृणालने सासऱ्यांना घेऊन दिलं, तेव्हापासून दिगंबरअण्णा आठवड्यातून चारदा पडू लागले. आधी ते भिंत धरून चालायचे, आता गच्चीच्या कठड्यावर बसून पेपर वाचायचे. जाकिटानेच त्यांची भीती घालवली; एकदा ते फुगलं नाही की अण्णा पुन्हा जपून चालतील, म्हणून मृणालने सकाळी गुपचूप त्यातली बॅटरी काढून ठेवली.

दुपारी हाक आली, "मृणाल, शेंगा किती काढू गं?"

ती अंगणात धावली. जाकीट घातलेले अण्णा शेवग्यावर चढले होते आणि फांदी कुरकुरत होती. खरं सांगावं तर ते दचकून हात सोडतील, न सांगावं तर आणखी वर जातील.

"दोनच पुरेत अण्णा, उतरा," ती कशीबशी म्हणाली.

"दोनच? मग जाकीट कशाला घेऊन दिलंस?" अण्णांनी हसत वरच्या फांदीवर पाय ठेवला.