पेरलेला प्रश्न

“सर, यात कुठे अडचण दिसतेय का?”

तिने भाषणाचे कागद सरांच्या टेबलावर ठेवले. जुन्या शहरातल्या काझीच्या कचेरीत दाद मागायला आलेल्या बायका, हा तिचा विषय. कुणी नवऱ्याने निकाहात कबूल केलेल्या मेहेरच्या रकमेसाठी भांडलेली, कुणी बापाच्या घरातल्या वाट्यासाठी.

अडचण सरांना दुसऱ्याच पानावर दिसली. बायका बोलल्या आपल्या घरच्या भाषेत. कारकुनाने लिहून घेतलं फारसीत. मग कागदावर बोलतंय कोण, बाई की कारकून? याच प्रश्नापायी सरांचं स्वतःचं पुस्तक जे अडलं होतं, ते अडलंच होतं.

“छान झालंय,” ते म्हणाले. “एक अक्षर बदलू नकोस.”

हिला एकेकाळी फारसीतला ‘अलिफ’ माहीत नव्हता. सरांनी बोट धरून शिकवलं, आणि आता वार्षिक व्याख्यानाचं बोलावणं आलं ते हिला! विभागाचं प्रमुखपद रिकामं होतं, दोघांचेही अर्ज गेलेले, आणि निवड समिती व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणार होती. सरांचा नुसता जळफळाट चालला होता.

“विद्यार्थिनीचं कौतुक होतंय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?” बायकोने विचारलं.

“ॲसिडिटी आहे,” सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी ‘कात्री’ला चहा पाजला. कात्री म्हणजे निवृत्त परीक्षक. भल्याभल्यांचे प्रबंध कातरल्यामुळे हे नाव पडलेलं. ते एकही व्याख्यान चुकवत नसत, आणि प्रश्न विचारला की समाधान होईपर्यंत खाली बसत नसत. सरांनी बोलता बोलता तो प्रश्न हळूच पुढे सरकवला.

“वा! आणि याचं उत्तर?”

“उत्तर नाहीच,” सर हसले. “पण कुणीतरी विचारायला हवा ना. मी पडलो तिचा गुरू. मी विचारला तर बरं दिसत नाही.”

“माझ्यावर सोडा,” कात्री म्हणाले. “समोर कोण उभं आहे, हे मी कधीच बघत नाही.”

व्याख्यानाच्या दिवशी ती आली ती गळ्याला मफलर गुंडाळूनच. बोलायला गेली तर नुसती खरखर. दुष्काळात तेरावा महिना, सरांना वाटलं, आणि ते मनातल्या मनात सुखावले.

तिने माइक तोंडाशी धरला. “आवाज बसलाय,” ती कशीबशी म्हणाली. “व्याख्यान सर वाचतील. नाहीतरी विषय त्यांचाच आहे. मी त्यांच्याकडूनच शिकले.”

टाळ्या पडल्या. सर उठले आणि वाचू लागले. चारदोन पानांतच ते कागद त्यांना आपलेच वाटायला लागले. ‘नवऱ्याचा चेहराही आठवत नाही, काझीसाहेब, मी त्याचीच बायको, हे तुम्ही तरी कसं ठरवता?’ त्या बाईचं हे वाक्य सरांनी असं काही म्हटलं की सभागृह आधी हसलं आणि मग एकदम गप्प झालं. समितीचे अध्यक्ष मान डोलवत होते. पोटातली आग कधी विझली ते सरांना कळलंही नाही. उगाच जळलो पोरीवर, सोन्यासारखी पोर, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

टाळ्या थांबेनात. ती त्यांच्या कानाशी वाकली.

“सर, मी सकाळीच माझा अर्ज मागे घेतला. प्रमुखपद तुम्हालाच शोभतं. समितीला सांगितलंय, या विषयातलं काहीही विचारा, सर अडायचे नाहीत.”

“वेडी आहेस,” सर म्हणाले.

“कुणाला काही विचारायचंय?” अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं.

सरांनी डोळे पुसले आणि हसऱ्या चेहऱ्याने सभागृहावर नजर फिरवली. तिसऱ्या रांगेत कात्री आधीच उभे राहिले होते.