कापसाचा बोळा

किसनरावांनी धाकट्या हरिओमचा गाल आपल्या तळहातावर धरला होता आणि समोरच्या बाकावरून थोरला गोविंदा ते पाहत होता.

देऊळगाव राजातल्या त्या दातांच्या दवाखान्यात बाकं दोनच. एकावर बाप आणि हरिओम. दुसऱ्यावर गोविंदा, आणि त्याच्या मांडीवर हरिओमची पिशवी, बापाची टोपी, पाण्याची बाटली, एक्स-रेचा लिफाफा. घरी शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग चालू होतं. बियाण्यासाठी एकेका फुलाला हाताने पराग लावायचा, आणि सकाळ टळली की फूल वाया. ते काम बायकांच्या भरवशावर टाकून तो आला होता. मोटरसायकलवर हरिओमला हादरे बसतील म्हणून दयारामकाकाची व्हॅनही त्यानेच मागून आणली होती.

हरिओम बावीस वर्षांचा. गोविंदा स्वतः दोन पोरांचा बाप. पण जळायला वय आड येत नाही.

"ठणकते का रे बापा?" किसनरावांनी विचारलं.

हरिओमने डोळे मिटून नुसती मान हलवली. किसनरावांचा चेहरा असा पडला, की जणू दाढ त्यांचीच दुखत असावी. गोविंदाला वाटलं, तोंड उघडून 'हो' म्हणायला काय झालंय याला?

डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही आत बोलावलं. एक्स-रे उजेडासमोर धरला. "ही अक्कलदाढ आडवी पडलीय, बघा. पुढच्या चांगल्या दाढेला ढकलतेय. अर्धी हिरडीखाली, म्हणून तिथे अन्न अडकतं आणि सारखी सूज येते. ही ठेवून उपयोग नाही. गोळ्यांनी सूज उतरलीय, आज काढून टाकू. आणि बाबा, आता मिठाने शेकायचं नाही. मागच्या वेळी बाहेरून शेकूनच गाल एवढा झाला होता."

गोविंदाला बरं वाटलं. दोन दिवस बापाने काम टाकून, तव्यावर मीठ गरम करून, फडक्यात बांधून धाकट्याचा गाल शेकला होता. त्या पुरचुंडीचासुद्धा त्याला हेवा वाटला होता.

"माह्याच हातानं दुखणं वाढवलं मी," किसनराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हरिओमच्या केसांवरून हात फिरवला, आणि गोविंदाचं बरं वाटणं तिथेच संपलं.

"मॅडम," तो एकदम म्हणाला, "माहीबी अक्कलदाढ दुखून राह्यली."

किसनरावांनी मान वळवली. आज सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी थोरल्याकडे नीट पाहिलं. "कधीपासून बे? बोलला काऊन नाही?"

"लई दिवस झाले."

एकही दिवस झाला नव्हता. पण गोविंदा खुर्चीत बसला आणि आ करून राहिला. डॉक्टरीणबाईंनी आरसा फिरवला, चारही कोपऱ्यांत टोकून पाहिलं, एक्स-रेही काढला.

"तुमच्या चारही सरळ आल्यात. पूर्ण वर आहेत, ब्रश पोचतो, कीड नाही, हिरडी छान आहे."

"तरी काढून टाका ना एखांदी. पुढं तरास दिला तं?"

त्या हसल्या. "त्रास न देणारी अक्कलदाढ कशाला काढायची? तिला काहीच करायचं नसतं. अधूनमधून दाखवत जा, झालं."

"बरं झालं," किसनरावांनी सुस्कारा सोडला. "तुह्या बाजूनं मले कधीच घोर नसते." आणि ते पुन्हा हरिओमकडे वळले.

हे कौतुक होतं हे गोविंदाला कळत होतं. ते त्याला गिळता येईना.

पाऊण तासाने हरिओम बाहेर आला. गालात कापसाचा बोळा, ओठ एका बाजूला लोंबलेला. डॉक्टरीणबाईंनी जास्तीच्या बोळ्यांची पुडी गोविंदाच्या हातात दिली. "बोळा दाताखाली घट्ट दाबायचा. तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही. बोळा काढला की थंड आइस्क्रीम चालेल."

"आणतो मी," किसनराव म्हणाले. "गोविंदा, तू गाडी चालू कर."

हरिओम मागच्या सीटवर आडवा झाला. गोविंदाने व्हॅन चालू केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. दुखऱ्या गुडघ्याने लंगडत बाप रस्ता ओलांडत होता. दुकानातून तो बाहेर पडला तेव्हा हातात एकच कप होता.

गोविंदाने आरशात पाहिलं. मग पुडी उघडली, एक बोळा काढला आणि डाव्या गालात कोंबला. गाल जरासा फुगला. कापसाला कसलीच चव नव्हती.

किसनरावांनी कप मागे हरिओमच्या उशाशी ठेवला आणि ते पुढे येऊन बसले. दार लावता लावता थबकले.

"काऊन रे? तुह्या गालाले काय झालं?"

बोळा तोंडात असताना बोलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. गोविंदाने डोळे मिटून नुसती मान हलवली.

आइस्क्रीमच्या कपाने गार पडलेला बापाचा तळहात त्याच्या गालाला लागला. व्हॅन चालूच होती. गोविंदाने गिअर टाकला नाही.