सहावा तुकडा

सहावा तुकडा कट्कन मोडला आणि गणराजच्या हातातलं पेन थांबलं.

होडी ज्या फायबरची बनते, त्याचेच हे पट्टीएवढे तुकडे. सहा महिने मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवलेले. आज भोसरीच्या लॅबमध्ये मशीनवर वाकवून बघायचे होते. पहिल्या पाचांनी भार मुकाट सोसला. सहावा निम्म्यातच गेला.

"त्यो सोडा, साहेब," हिंदुराव म्हणाले. तुकडे कापायचं काम त्यांचं, आणि हात असा की नाव ठेवायला जागा नाही. "त्याच्या कडंला रेझिनचं लिंपण लावायचं ऱ्हायलं. डबा संपला हुता."

"म्हणजे बाकीच्यांना लावलंत?"

"मंग? कापल्यावर काचंच्या दोऱ्या उघड्या पडत्यात. पाणी तिथनंच आत शिरतंय. तसलं उघडंनागडं काम आपल्याला न्हाई जमत."

गणराजने तुकडा उचलला. वरून अगदी नव्यासारखा चकचकीत. मोडल्या जागी मात्र दोऱ्या पांढऱ्या पडून सुट्या झालेल्या, पिंजलेल्या सुंभासारख्या.

गेल्या दिवाळीत गावी त्यानेच ड्रिल धरलं होतं. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, नव्या होडीला मागे इंजिन बसवायचं, म्हणून आठ भोकं. पाडली, बोल्ट आवळले, हात झटकले. भोकालाही आतून कड असते, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. इंजिनियर म्हणे!

त्याने दादांना फोन लावला. लागेना. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा लावला. शेवटी आईला लावला.

"दादा कुठायत?"

"पहाटेच गेले समुद्रावर. का रे? धापा कसल्या टाकतोयस?"

"मधल्या काळात होडी कधी वर ओढून सुकवली होती का?"

"लाकडाची होती तेव्हा ओढायचे. ही पाण्यातच असते. तूच नाही का म्हणालास, फायबर पाणी पीत नाही म्हणून?"

मशीनपाशी हिंदुराव सहावा तुकडा बाजूला टाकून कापडाने टेबल पुसत होते.

"आई, त्यांच्या जवळपास दुसऱ्या कुणाची होडी आहे का? त्यांना सांग, दादांना लगेच माघारी आणा."

"आहेत की चौघं. दादांचं बघून त्यांनीही फायबरच्याच घेतल्या." आईच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "इंजिनाची भोकं दादांनीच पाडून दिली सगळ्यांना. तू पाडलीस ना, अगदी तश्शी."