दोन दातांमधली फट

म्हातारा रंगारी आरशासमोर ओठांचा चंबू करून फुंकत होता. नुसती हवा जात होती.

"फट कुठाय?" त्यानं विचारलं.

"बुजवली की!" डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "समोरचे दोन्ही दात कसे मोत्यासारखे जुळलेत बघा, काका." दात अजून मेणातच बसवलेले होते, आज फक्त घालून बघायचे होते.

"मला फट हवी. पहिली होती तेवढी."

"अहो, लोक हसतील."

"हसतील त्याचे दात दिसतील."

बाईंना हसू आलं, पण त्या हार मानेनात. "हे काढ-घालीचे दात नकोच असतील तर तसं सांगा. ब्रिज करू. शेजारचे दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधारानं पक्के बसवायचे. नाहीतर इम्प्लांट. हाडात स्क्रू, वर दात, थेट आपल्या दातासारखा. चार-पाच महिने लागतील."

"तेवढे माझ्याकडे नाहीत," रंगारी म्हणाला. "म्हणजे, तिच्याकडे नाहीत."

ती बाहेर जिन्यापाशी बाकावर बसली होती. होती त्याची बायकोच, पण त्याला कुणी भला शेजारी समजायची. चहा दिला तरी आभार मानायची. चेहरा केव्हाच विसरली होती, शीळ मात्र गेल्या वर्षीपर्यंत ओळखायची. जन्मभर तो कामावरून आला की जिन्याखालून शीळ घालायचा आणि ती दार उघडायची. मग तो शिडीवरून पडला. दात गेले, शीळही गेली. तिच्या तोंडून एकदा "आलात?" ऐकायचं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याच्याकडून हे ऐकल्यावर बाईंनी सुरी गरम केली, मेण सैल केलं आणि दोन्ही दात कणभर दूर सरकवले. "जपून हं. मेण आहे."

रंगाऱ्यानं ओठ जुळवले. पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा मात्र लांबलचक, वळण घेत शीळ वाजली.

तो तसाच बाहेर धावला. ती उठून उभी होती, घाईघाईनं केस सारखे करत. इतकी खुललेली त्यानं तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. नजर जिन्याकडे लागलेली. त्याला पाहून तिनं त्याचा हात हातात घेतला.

"फार केलंत हो माझं," ती हळूच म्हणाली. "पण आता निघा तुम्ही. आमचे हे आलेत."