वाजवून घेतलेले कवेलू

तुळशीरामने पुन्हा हाक मारली. आई दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

घ्या! दिवाळीपासून हे असंच चाललं होतं. बाबा गेल्यापासून आई, अंजनीबाई, तशा कमीच बोलायच्या. पण त्यांच्या घमापुरातल्या घरावरचे जुने मातीचे कवेलू उतरवून तुळशीरामने पत्रे टाकले आणि अबोलाच सुरू झाला. कुंदा नवऱ्याला समजवायची, म्हातारपणी रुसवा लांबतोच. तुळशीरामला ते पटायचं, पण आईच्या तोंडून एक "काय रे" ऐकायला त्याचा जीव तळमळायचा.

त्याचं तरी काय चुकलं होतं? मध्यप्रांतातली थंडी, त्यात पौषातला मावठा. मागच्या हिवाळ्यात गारांनी झोडपलं आणि घरभर पाणी झालं. अंथरुणं भिजली, बाबांचा फोटो भिजला.

बाबा होते तेव्हा थंडीच्या तोंडाशी कवेलू फेरणं, उतरवून पुन्हा रचणं, म्हणजे घरात सण असायचा. बाबा छपरावर, आई अंगणात. प्रत्येक कवेलू ती बोटाच्या पेराने वाजवायची. टणकन वाजला की वर द्यायचा, भद्द वाजला की बाजूला टाकायचा. वरून अख्खा दिसणारा तडकलेला कवेलू तिच्या कानातून कधी सुटला नाही. बाबा वरून चिडवायचे, सराफ्यातला सोनार तरी इतकं पारखते का! काय दिवस होते ते! बाबांनंतर छपरावर तुळशीराम चढू लागला, वाजवायची मात्र तीच. मागच्या वर्षीही तिनेच वाजवून दिले होते. तरी घर गळलं. कवेलूंचं वय झालं, असं त्याने ठरवून टाकलं.

दुपारी आभाळ भरून आलं. एक गार पत्र्यावर आदळली आणि मग धडाधड सुरूच झालं. कुंदाने कानांवर हात ठेवले. तुळशीराम कोपरा न् कोपरा बघत फिरला. थेंबभरही पाणी आत नव्हतं. आईकडे वळला तर तिच्या हातातलं सूप थांबलेलं. ती वर बघत होती. चक्क हसत होती, आणि डोळे भरले होते.

"गारा पडून राहिल्या न रे?"

तो पुढ्यात बसला. मान हलवून हो म्हणाला.

"किती दिसांनी काही ऐकू आलं मले," ती म्हणाली. "त्या कवेलूंचा दोष नव्हता रे. मागच्या साली मी वाजवत होती, पण मले टणक का भद्द, काहीच समजत नव्हतं. अंदाजानं देत गेली. तुले सांगाची लाज वाटली."

 गारा थांबेपर्यंत तुळशीराम तिचा हात धरून तसाच बसला. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन, दिवाळीपासून मारत आलेली हाक त्याने पुन्हा मारली.

"आई."

"काय रे?" ती लगेच म्हणाली.